विश्लेषण : ध्येय सोडायचे की वाट बदलायची? भोर-वेल्ह्यातील विद्यार्थ्यांपुढचा पेच

दहावी-बारावीचे निकाल लागले की भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत घरोघरी पुढचे बेत ठरतात. कुणाला डॉक्टर व्हायचे असते, कुणाला फौजदार, कुणाला कलेक्टर. पण दोन-तीन प्रयत्नांनंतरही यश आले नाही तर काय, यावर बोलणे टाळले जाते. ध्येय बदलणे म्हणजे हार मानणे का?

जागा किती, उमेदवार किती?

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी ९ लाख ९२ हजार ५९९ अर्ज आले. पूर्वपरीक्षेला ५ लाख ८३ हजार २१३ जण बसले आणि अखेर १,००९ जणांची शिफारस झाली. त्याच वर्षी ‘नीट’ २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. म्हणजे मेहनत करणाऱ्यांपैकीही बहुतेकांना दुसरी वाट धरावीच लागते.

अभ्यासक काय सांगतात?

अमेरिकी अभ्यासक लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडले की, मुले लहान वयातच काही व्यवसाय ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून मनातून वगळतात आणि पुढे उरलेल्यांतही तडजोड करतात. कार्स्टन व्रोश व सहकाऱ्यांच्या २००३ मधील अभ्यासात आढळले की, आवाक्याबाहेरचे ध्येय सोडून नवे ध्येय धरू शकणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य तुलनेने चांगले असते. म्हणजे चुका दोन प्रकारच्या होतात : स्वप्न फार लवकर सोडणे आणि फार उशिरापर्यंत धरून ठेवणे.

भोर-वेल्ह्यात अडचण कोणती?

हा भाग डोंगराळ. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी या धरणांच्या पाणलोटातील गावांतून कॉलेज गाठायचे तर एसटीची वेळ आणि खोलीचे भाडे आधी पाहावे लागते. अशा वेळी स्वप्न सोडले जाते ते गुणांमुळे नव्हे, तर अंतर आणि पैशांमुळे. तिथे ध्येयाआधी मार्ग बदलून पाहायला हवा. दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम केल्यावर पदविकेच्या आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून काम सांभाळून पदवी घेता येते. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या पात्र प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे.

थांबायचे कधी?

स्पर्धा परीक्षा करणारी अनेक मुले पुण्यातील पेठांत अभ्यासिकेच्या आधारे वर्षानुवर्षे राहतात. राज्यसेवेसाठी कमाल वयोमर्यादा सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३ वर्षे आहे. त्यामुळे ‘अजून वेळ आहे’ असे वाटत राहते. पण पोलीस शिपाई भरतीची मर्यादा अनुक्रमे २८ आणि ३३ आहे. तिशीपर्यंत राज्यसेवेचीच वाट पाहणाऱ्या खुल्या प्रवर्गातील उमेदवारासाठी ते दार तोवर बंद झालेले असते. मोठ्या ध्येयाच्या मुदतीपेक्षा दुसऱ्या पर्यायाची मुदत आधी संपते, हे लक्षात येत नाही. म्हणून प्रयत्न किती आणि कोणत्या वयापर्यंत, हे तयारी सुरू करतानाच घरच्यांशी बोलून ठरवावे.

नवे ध्येय कसे निवडावे?

मूळ ध्येयात आपल्याला नेमके काय हवे होते, हे आधी पाहावे. रुग्णसेवा हवी असेल तर नर्सिंग, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, औषधनिर्माण हे पर्याय आहेत. स्थिर सरकारी नोकरी हवी असेल तर लिपिक, तलाठी, वनरक्षक, पोलीस या भरतींची तयारी सोबतच करता येते. नोकरी लागल्यावर वय आणि प्रयत्न शिल्लक असतील तर मोठी परीक्षा पुन्हा देता येते. घरच्यांनीही ‘एवढी वर्षे वाया गेली’ हे वाक्य टाळायला हवे. ते ऐकावे लागू नये म्हणूनच अनेक मुले थांबायची वेळ झाल्यावरही थांबत नाहीत.