वैष्णोदेवीचं नाणं आणि दहा लाखांची थाप

‘पाच रुपयांच्या वैष्णोदेवीच्या नाण्याला दहा लाख मिळतात म्हणे, खरं का?’ पडेगावात हा प्रश्न मला किराणा दुकानात, रिक्षात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला गेलाय. विचारणाऱ्याच्या घरी ते नाणं बहुतेक वेळा असतंच, आणि गोची नेमकी तिथेच आहे. गल्लीतल्या चार घरांत सापडणाऱ्या वस्तूला दहा लाख कोण देईल, आणि कशासाठी?

आधी नाण्याबद्दल. श्री माता वैष्णोदेवी श्राइन बोर्ड 1986 मध्ये स्थापन झालं. त्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त 2012 मध्ये पाच आणि दहा रुपयांची नाणी निघाली. ती रोजच्या वापरासाठीच पाडलेली होती, म्हणून तर भाजीवाल्याकडच्या सुट्ट्या पैशांत मिळाली. वापरून गुळगुळीत झालेल्या पाचाच्या नाण्याचे पाचच रुपये येतात. टाकसाळीतून निघालं तसं कोरं करकरीत असेल, तर संग्राहक थोडे जास्त देईल. विषय संपला.

पण तो संपत नाही, कारण कुणीतरी मोबाइलवर ‘किंमत दहा लाख’ असं लिहिलेला फोटो दाखवतो. अहो, ती मागितलेली किंमत आहे, मिळालेली नव्हे! मीही माझ्या जुन्या चपलेवर पन्नास लाखांची चिठ्ठी लावू शकतो. चप्पल कुणी घेतली का, ते विचारा. नाण्याचा खरा भाव जाहीर लिलावात प्रत्यक्ष कितीला गेलं त्यावरून कळतो, आणि लिलावांचे निकाल बघायला मिळतात.

चिठ्ठी लावणाऱ्याचा धंदा नाणं विकत घेण्याचा नसतोच. तुम्ही फोटो पाठवता, समोरून ‘पार्टी तयार आहे’ असं उत्तर येतं. मग नोंदणीचे पैसे, मग जीएसटी, मग कमिशन. नाणं तुमच्याच कपाटात राहतं, खातं मात्र रिकामं होतं. या टोळ्या रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरतात, म्हणून बँकेने 4 ऑगस्ट 2021 रोजी जाहीर इशारा दिला: जुन्या नाण्या-नोटांच्या असल्या व्यवहारांत बँक पडत नाही, त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या वतीने ते गोळा करण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. एवढं सांगूनही ‘पण आमच्या ओळखीच्या एकाला मिळाले’ असं ऐकू येतं. तो ओळखीचा माणूस मला अजून कुणी भेटवलेला नाही.

दुसरा हट्ट असतो तो ‘जुनं म्हणजे महाग’ हा. पडेगावातून वेरूळचा रस्ता धरला की वाटेतच दौलताबाद लागतं. मुहंमद तुघलकाने चांदीच्या टंक्याच्या भावाने चालवलेली तांब्या-पितळेची नाणी या दौलताबादेतही पाडली गेली. लोकांनी घरोघरी नकली नाणी पाडायला सुरुवात केली आणि शेवटी सुलतानाला ती खजिन्यातून चांदी देऊन परत घ्यावी लागली. जवळजवळ सातशे वर्षांपूर्वीचा हा माल, पण इतका निघाला होता की आजही त्याला दुर्मीळ म्हणता येत नाही. उलट पाचव्या जॉर्जचा 1911 चा रुपया बघा. राजाच्या गळ्यातल्या साखळीवरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली गेली. त्यानंतरच्या वर्षांचे रुपये ढिगाने मिळतात आणि त्यांना मुख्यतः चांदीचा भाव येतो, पण 1911 चा संग्राहक शोधत फिरतात. किती नग उरले आणि किती जणांना ते हवेत, यावर भाव ठरतो. वय नंतर येतं.

वेरूळच्या वाटेवर असल्यामुळे परदेशी पाहुण्यांनी दिलेली युरोची नाणीही आमच्याकडे येतात. पैसे बदलून देणारे सहसा परदेशी नाणी घेत नाहीत, मग लगेच अफवा उठते की हे ‘अँटिक’ आहे. युरोची नाणी आणि नोटा 1 जानेवारी 2002 पासून व्यवहारात आल्या. यात अँटिक काय? थापा तिकडेही आहेतच. ग्रीसच्या 2002 च्या दोन युरोवर एका चांदणीत ‘एस’ अक्षर आहे, ते हजारो युरोंना जातं म्हणतात. ग्रीसला वेळेत पुरेशी नाणी पाडता आली नाहीत म्हणून ती फिनलंडमध्ये पाडून घेतली, त्याची ही खूण, आणि अशी नाणी कोट्यवधी आहेत. हजार युरोंच्या वर खरोखर जातं ते मोनॅकोचं 2007 चं ग्रेस केलीचं दोन युरोचं नाणं. ती पाडलीच 20,001, आणि तीही चलनासाठी नव्हे तर डब्यात घालून विकायला. वेरूळला बक्षिशीत ते मिळायचं नाही.

बाकीचे गैरसमज झटपट. दहाचं नाणं बंद झालेलं नाही, त्याच्या तोवरच्या चौदाही नक्ष्या चालतात, हे रिझर्व्ह बँकेने 17 जानेवारी 2018 रोजीच सांगितलंय. बंद झाली ती 25 पैसे आणि त्याखालची नाणी, 30 जून 2011 पासून. 50 पैसे कायद्याने आजही चालतात. ईस्ट इंडिया कंपनीने राम-सीता किंवा हनुमानाची नाणी कधीच काढली नाहीत. तांदूळ ओढून घेणारं ‘राइस पुलर’ नाणं ही शुद्ध लबाडी आहे. आणि पितांबरीने घासून नाणं चमकवलंत, तर होता तो भावही गेला.

मग आजची नाणी जमवावीत का? जरूर जमवावीत, फक्त घराचे हप्ते त्यातून फिटणार नाहीत. 1990 चा डॉ. आंबेडकरांचा रुपया, 1999 चा ज्ञानेश्वरांचा रुपया आणि त्याच वर्षीचं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं, एवढ्यावर सुरुवात होते. मग भिंग घेऊन सालाखालची खूण बघायची: चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. 1985 च्या रुपयावर ‘एच’ दिसला, तर तो बर्मिंगहॅमहून पाडून आणलेला. नाणी पीव्हीसीच्या पाकिटात मात्र ठेवू नका, काही वर्षांत त्यांवर हिरवट चिकट थर चढतो.