डोलकाठीच फिरते तेव्हा

वेल्ह्यातून समुद्र दिसत नाही, पण शिडाच्या जहाजांशी या तालुक्याचं नातं जुनं आहे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली, तिथल्या खाडीत आरमाराची उभारणी सुरू झाली. त्या काळात शिवरायांचा कारभार याच तालुक्यातल्या राजगडावरून चाले. म्हणून इथल्या वाचकाला शिडांची गोष्ट सांगावीशी वाटते.

‘माल्टीज फाल्कन’ ही २००६ साली पाण्यात उतरलेली, ८८ मीटर लांबीची आलिशान खासगी नौका. सागवानी डेक, पाहुण्यांच्या प्रशस्त खोल्या हे सगळं आहेच. पण तिच्यावर गेल्यावर मान वर करून पाहावं ते तिच्या तीन डोलकाठ्यांकडे. त्या कार्बन फायबरच्या आहेत, आणि त्यांना धरून ठेवणारे दोरच नाहीत. शीड ज्यांवर पसरतं त्या आडव्या परबाणी काठीलाच पक्क्या बसवलेल्या. शीड काठीच्या पोटात उभं गुंडाळलेलं असतं. बटण दाबलं की दोन्ही बाजूंना सरकत उघडतं. वारा फिरला की अख्खी काठीच वळवायची. अशी एकूण पंधरा शिडं, क्षेत्रफळ सुमारे २,४०० चौरस मीटर, म्हणजे अर्ध्या एकराहून जास्त!

आपल्या नौदलाची ‘तरंगिणी’ मात्र जुन्या वळणाची. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली, १९९७ साली ताफ्यात आलेली, ५४ मीटरची. तिथे प्रशिक्षणार्थी दोरशिडीवरून चढतात, परबाणीखालच्या दोरावर पाय रोवतात आणि पोट परबाणीला टेकवून दोन्ही हातांनी जाड कापड ओढून घेतात. वारा तळहाताला कळतो तो इथेच. मला हीच नौका जास्त जवळची वाटते.