परदेशात गाडी घेतलीत? तपासणीची तारीखही लिहून ठेवा

फैजपूर, सावदा, रावेर या केळीच्या पट्ट्यात ज्यांच्या दारात ट्रक किंवा टेम्पो उभा असतो, त्यांच्या घरातल्या पोरांनाही 'पासिंग' ठाऊक असते. फिटनेस संपलेली गाडी माल भरून बाहेर काढता येत नाही, हे तिथे कुणाला सांगावे लागत नाही. घरच्या कारबद्दल मात्र अशी काळजी सहसा नसते, कारण कायदाच ती बरीच वर्षे लावत नाही. हीच सवय घेऊन इथली मुलेमुली नोकरीसाठी परदेशी जातात. तिथे वापरलेली कार घेतात, विमा काढतात आणि सक्तीची तपासणी राहून जाते. म्हणून प्रमुख देशांतले नियम इथे एकत्र दिले आहेत.

आपल्याकडची पद्धत

भारतात खासगी कार किंवा दुचाकीची नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर गाडी परिवहन कार्यालयात दाखवून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मालवाहू आणि प्रवासी वाहनांचे फिटनेस पहिली ८ वर्षे दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावे लागते. पीयूसी सर्वांनाच लागते. नव्या गाडीला पहिले वर्ष सूट आहे. नंतर बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षाने, त्याहून जुन्यांना ६ महिन्यांनी पीयूसी काढावी लागते. पण पीयूसीत फक्त धूर तपासतात. ब्रेक, टायर, स्टिअरिंग यांना कुणी हात लावत नाही. परदेशात बहुतेक ठिकाणच्या तपासणीत नेमके हेच भाग पाहतात.

ब्रिटन: दरवर्षी एमओटी

ब्रिटनमध्ये ही तपासणी १९६० साली सुरू झाली. आज कार ३ वर्षांची झाली की पहिली एमओटी करावी लागते आणि पुढे दरवर्षी. उत्तर आयर्लंडमध्ये पहिली तपासणी चौथ्या वर्षी होते. बाकी ब्रिटनमध्ये एमओटी निळ्या पाटीवर तीन पांढरे त्रिकोण असलेल्या मान्यताप्राप्त गॅरेजमध्ये होते. एमओटी नसताना गाडी चालवल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आधी वेळ ठरवून तपासणीला नेणे किंवा दुरुस्तीला नेणे, एवढीच मोकळीक आहे.

दोषांचे तीन प्रकार आहेत: किरकोळ, मोठा आणि धोकादायक. मोठा किंवा धोकादायक दोष निघाला की गाडी नापास होते. धोकादायक दोष असेल तर जुन्या प्रमाणपत्राची मुदत शिल्लक असली तरी ती रस्त्यावर आणता येत नाही.

वापरलेली गाडी घेताना सरकारी संकेतस्थळावर फक्त तिचा नंबर टाका. आधीच्या तपासण्यांचे निकाल आणि त्या वेळचे किलोमीटर किंवा मैल फुकट दिसतात. मात्र इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची अवस्था एमओटीत पाहत नाहीत. त्यासाठी जाणकार मेकॅनिकला वेगळे दाखवावे.

जर्मनी: नंबरप्लेटवरचे स्टिकर

इथे नव्या कारची पहिली तपासणी ३ वर्षांनी आणि नंतरची दर २ वर्षांनी होते. लोक तिला सरसकट 'ट्यूफ' म्हणतात, पण डेक्रासारख्या इतर मान्यताप्राप्त संस्थाही ती करतात. मागच्या नंबरप्लेटवरच्या गोल रंगीत स्टिकरवर पुढच्या तपासणीची तारीख असते. मधला आकडा वर्षाचा आणि सर्वांत वरचा महिन्याचा. गाडी पाहायला जाल तेव्हा आधी हे स्टिकर वाचा. २ महिन्यांहून जास्त उशीर झाला की दंड होतो, शिवाय तपासणीही जास्त सखोल आणि महाग होते. नापास झाल्यास दुरुस्ती करून महिनाभरात गाडी पुन्हा दाखवावी लागते.

अमेरिका: राज्य बदलले की नियम बदलला

अमेरिकेत सगळ्या देशाला लागू असा एक नियम नाही. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया आणि मॅसॅच्युसेट्समध्ये तपासणी दरवर्षी होते. मॅसॅच्युसेट्समध्ये गाडीची नोंदणी झाल्यापासून ७ दिवसांत ती करून घ्यावी लागते. न्यू जर्सीत खासगी कारच्या फक्त धुराची तपासणी होते, तीही दर २ वर्षांनी आणि नव्या गाडीला ५ वर्षांच्या सवलतीनंतर. टेक्सासने १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी बंद केली, पण ह्यूस्टन आणि डॅलससारख्या मोठ्या शहरांच्या काउंटींत धुराची तपासणी चालूच आहे. फ्लोरिडात खासगी कारला ठरावीक काळाने तपासणी नाही. नोकरीनिमित्त राज्य बदलले तर सामान उघडण्याआधी तिथला नियम पाहावा.

दुबई, सिंगापूर, जपान

दुबईत गाडीची नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते. पहिल्या ३ वर्षांनंतर या नूतनीकरणाआधी तपासणी लागते आणि थकलेले दंड भरल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. सिंगापुरात ३ ते १० वर्षांच्या कारची दर २ वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी तपासणी होते. जपानमधील 'शाकेन' ही तपासणी नव्या कारला ३ वर्षांनी, नंतर दर २ वर्षांनी येते. तिच्याबरोबरच वजनावरचा कर आणि सक्तीचा विमाही भरावा लागतो. स्वस्तात मिळालेल्या जुन्या गाडीची शाकेन जवळ आली असेल, तर तो खर्च किमतीत धरूनच सौदा करावा.

तपासणीआधी घरीच पाहा

• सगळे दिवे लावून पाहा. इंडिकेटर आणि ब्रेकच्या दिव्यांसाठी मागे कुणाला तरी उभे करा.
• टायरची नक्षी मोजा. ब्रिटन आणि जर्मनीत ती किमान १.६ मिलिमीटर लागते.
• वायपर, काचेवर मारायचे पाणी, हॉर्न आणि सीटबेल्ट वापरून पाहा.
• डॅशबोर्डवर धोक्याचा दिवा पेटलेला असेल तर आधी मेकॅनिककडे जा.
• काचेला तडा असेल तर तो तपासणीआधी दाखवा.
• मुदत संपायच्या महिनाभर आधी वेळ ठरवा, म्हणजे दुरुस्तीला सवड मिळते.

गावी ठेवलेली गाडी

परदेशी जाताना बरेच जण आपली एमएच १९ ची कार फैजपूरला आईवडिलांसाठी ठेवून जातात. नोंदणी, विमा आणि पीयूसी या तीनही तारखा त्यांना लिहून द्या. १५ वर्षे पूर्ण होत आली असतील, तर मुदतीआधीच्या ६० दिवसांत नमुना २५ भरून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. त्यासाठी गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. सुट्टीवर येण्याची वेळ त्या बेताने ठरवली तर घरच्यांची धावपळ वाचते.

कागद पूर्ण झाले म्हणजे गाडी नीट आहे असे नव्हे. आपला कायदा खासगी कारचे ब्रेक १५ वर्षे तपासायला सांगत नाही, पण ते तितकी वर्षे टिकत नाहीत. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर रात्री भरलेल्या ट्रकांच्या रांगेत, गोटा झालेल्या टायरवर वडिलांनी गाडी चालवू नये, असे वाटत असेल तर वर्षातून एक दिवस ठरवा. ब्रेक, टायर, स्टिअरिंग आणि दिवे गावातल्या चांगल्या मिस्त्रीकडून तपासून घ्या. परदेशात आपण हे नियमामुळे करतो. आपल्या माणसांसाठी ते नियमाची वाट न पाहता करायला हवे.