जुन्या रुग्णालयाच्या जागीं नवें : मधल्या काळाची व्यवस्था

शहाणा शेतकरी नवी विहीर खणावयास घेतो तेव्हां जुन्या विहिरीवरील पंप लगेच उतरवीत नाहीं. नव्या विहिरीस पाणी लागलें, तें वैशाखांत टिकलें, आणि त्या पाण्यावर एक पीक पदरांत पडलें, म्हणजे मगच तो जुन्या विहिरीचा विचार करितो. हा व्यवहार ज्यांच्या अंगवळणीं पडलेला आहे, त्या आमच्या वाचकांपुढें आज एक सार्वजनिक प्रश्न ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्न असा कीं, तालुक्याचें जुनें ग्रामीण रुग्णालय पाडून त्या जागीं नवें बांधावयाचें ठरलें, तर तें बांधून पुरें होईपर्यंत आजाऱ्यानें जावें कोठें? महाराष्ट्रांत अनेक तालुक्यांच्या गांवीं ३० खाटांचीं ग्रामीण रुग्णालयें आहेत. त्यांपैकीं कित्येकांच्या इमारती जीर्ण झाल्या आहेत, व कांहींस ५० किंवा १०० खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयाचा दर्जा मिळालेला आहे. ही सुधारणा इष्टच होय. तिला आमचा विरोध नाहीं. परंतु भूमिपूजनाच्या दिवशीं नव्या इमारतीचा नकाशा सर्वांस दाखविला जातो. मधल्या काळाचा नकाशा मात्र कोणी मागत नाहीं व कोणी दाखवीतहि नाहीं.

या रुग्णालयाचें महत्त्व किती, हें प्रथम पाहूं. सर जोसेफ भोर यांच्या समितीनें १९४६ सालीं आपला अहवाल दिला, तेव्हांपासून खेड्यांतील आरोग्यव्यवस्था पायरीपायरीनें असावी हें तत्त्व आपल्या देशांत मान्य झालेलें आहे. हल्लींच्या प्रमाणानुसार सपाट मुलखांत ५,००० वस्तीस एक उपकेंद्र, ३०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि १,२०,००० वस्तीस एक ग्रामीण रुग्णालय असावें. डोंगरी व आदिवासी भागांत हेंच प्रमाण अनुक्रमें ३,०००, २०,००० व ८०,००० असें धरलें आहे. म्हणजे एक ग्रामीण रुग्णालय बंद पडलें कीं चार प्राथमिक केंद्रांनीं पुढें पाठविलेल्या आजाऱ्यास जवळचा आधार उरत नाहीं. पोट चिरून करावयाचें बाळंतपण, भूल देणारा डॉक्टर, क्ष-किरणाची तपासणी, यांसाठीं खालच्या केंद्रानें ज्याच्याकडे बोट दाखवावें तें हेंच ठिकाण होय.

आणि या दारीं अवेळीं येतो कोण? बहुतेक शेतकरी व शेतमजूर. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारहि सापांच्या विषावर आपल्याकडे एकच मिश्र प्रतिविष देतात, त्यामुळें कोणता साप चावला याच्या शोधांत वेळ घालविण्याचें कारण नाहीं. परंतु तें प्रतिविष शिरेंतून द्यावें लागतें, आणि त्याची उलट बाधा होऊं शकते म्हणून डॉक्टर उशाशीं असावा लागतो. नाग व मण्यार यांच्या विषानें श्वासाचे स्नायू लुळे पडतात. अशा वेळीं कोणीतरी बाहेरून श्वास देत राहिला तरच माणूस वांचतो. फवारणीच्या विषाचें तसेंच आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गाच्या कीटकनाशकाची बाधा झाली असतां ॲट्रोपिन पुनःपुन्हां द्यावें लागतें व आजाऱ्यावर अहोरात्र नजर ठेवावी लागते. २०१७ च्या खरिपांत यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना विषबाधा होऊन माणसें दगावलीं, हें आमचे वाचक विसरले नसतील. उलटपक्षीं, कोंकणांत महाडच्या बाजूस डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं विंचूदंशावर प्राझोसिन नांवाचें साधें औषध वापरून गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत जीव वांचविण्याचा मार्ग जगास दाखविला. औषध साधें असलें तरी तें जवळ व वेळेवर मिळालें पाहिजे, एवढाच यांतील बोध.

इमारत नाहीं तर सेवा कशी चालणार, असें उत्तर आपणांस पुष्कळदां मिळतें. तें उत्तर पुरेसें नाहीं, हें दोन उदाहरणांवरून दिसून येईल.

पहिलें उदाहरण अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानाचें. तेथें गव्हाच्या शेतांनीं वेढलेलें ग्रीन्सबर्ग नांवाचें गांव आहे; २००७ सालीं त्याची वस्ती सुमारें १,४०० होती. ४ मे २००७ च्या रात्रीं दीड मैलाहून अधिक रुंदीचा चक्रीवात गांवावरून गेला, आणि शेंकडा ९५ घरें-इमारती जमीनदोस्त झाल्या. गांवांतील ११ माणसें मेलीं, व त्या परगण्याचें कायोवा कौंटी मेमोरियल रुग्णालय नष्ट झालें. लहान गांवचें रुग्णालय गेलें तर पुन्हां उठत नाहीं, असाच अनुभव बहुधा येतो. परंतु तेथील लोकांनीं प्रथम तंबूंत व पुढें तात्पुरत्या खोल्यांत वैद्यकीय काम चालू ठेविलें, आणि तें चालू असतांनाच नवीन इमारतीची आंखणी केली. २०१० सालीं १५ खाटांचें नवें रुग्णालय उघडलें. त्यास पवनचक्कीच्या विजेची जोड आहे, व ऊर्जेच्या आणि पाण्याच्या काटकसरीबद्दल त्यास तेथील सर्वांत वरचा दर्जा मिळाला आहे. त्याच वर्षींच्या खानेसुमारींत गांवची वस्ती ७७७ भरली, म्हणजे जवळजवळ निम्मी. निम्मीं माणसें निघून गेलीं असतांहि राहिलेल्यांनीं रुग्णालय सोडलें नाहीं, कारण परत यावें कीं न यावें याचा विचार करणारें कुटुंब शाळा व दवाखाना आहे कीं नाहीं हेंच आधीं विचारतें.

दुसरें उदाहरण घरचें, कच्छांतील भुज शहराचें. २६ जानेवारी २००१ रोजीं सकाळीं झालेल्या भूकंपांत जिल्ह्याचें मुख्य रुग्णालयच कोसळलें. ज्या घटकेस हजारों जखमी माणसें आलीं, त्याच घटकेस त्यांस ठेवावयाचें छप्पर गेलें. तेव्हां लष्कराच्या डॉक्टरांनीं व देशोदेशींच्या रेडक्रॉसच्या पथकांनीं तंबूंत शस्त्रक्रिया केल्या. पुढें पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्य निधींतून नवीन रुग्णालय बांधण्यांत आलें, व जानेवारी २००४ मध्यें तें लोकार्पण झालें. जमीन हलली तरी धक्का वर कमी पोहोंचावा, म्हणून ही इमारत शिसें व रबर यांच्या टेकूंवर उभी केलेली आहे.

या दोन्ही ठिकाणीं संकट न सांगतां आलें, आणि तरीहि सेवा चालू राहिली. आमच्या तालुक्यांतील जुनी इमारत मात्र वारा पाडीत नाहीं कीं भूकंप पाडीत नाहीं. ती आपण आपल्या हातानें, आपण ठरविलेल्या दिवशीं पाडतों. मग वर्ष-दोन वर्षांची आगाऊ सूचना असतांहि रुग्णसेवा खंडित झाली, तर त्याचा दोष निसर्गास देतां येणार नाहीं.

तालुक्याच्या एका गांवीं आम्हीं हा खंड पडलेला पाहिला आहे. मोडकळीस आलेली इमारत उन्हाळ्यांत पाडली, आणि दवाखाना एका मंगल कार्यालयाच्या मागील खोल्यांत नेला. तेथें शस्त्रक्रियागृह नाहीं, म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरास जिल्ह्याच्या गांवीं घेतलें. भूल देणाराहि गेला. परिचारिका निम्म्या उरल्या. ठेकेदाराचें बिल अडलें, काम जोत्यापाशीं थांबलें, आणि एका पावसाळ्याचे तीन पावसाळे झाले. तेवढ्यांत लोकांचे पाय शेजारच्या तालुक्याच्या व खाजगी दवाखान्यांच्या वाटेस लागले. बाळंतपणासाठीं दागिने गहाण पडले. इमारत अखेर उभी राहिली, परंतु दुसरीकडे नेमलेलीं माणसें परत आलीं नाहींत, आणि नव्या गाद्यांवरील प्लास्टिकचीं आवरणें तशींच राहिलीं. यांत कोणा एकाची लबाडी होती असें नव्हे. मधला काळ कोणाच्याच कागदावर नव्हता, एवढेंच.

आतां उपायाकडे वळूं. नवें रुग्णालय बांधण्याचे मार्ग तीन. पहिला, निराळ्या जागेवर नवी इमारत पुरी करावी व मग स्थलांतर करावें. हा मार्ग सर्वांत उत्तम, परंतु येथें जागेचा प्रश्न येतो. महसुली दप्तरांत आमची हयात गेली असल्यानें एवढें खात्रीनें सांगतों कीं, सातबाऱ्यावर आरोग्य खात्याचें नांव लागल्यावांचून पायाचा दगड बसवूं नये. गांवच्या सामाईक जमिनींविषयीं सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं दिलेल्या निकालानंतर गायरानाचा वापर बदलणें हें सहज होणारें काम राहिलेलें नाहीं. फुकट मिळते म्हणून गांवापासून दूरची जमीन घेणें हेंहि शहाणपणाचें नव्हे; एस. टी. च्या थांब्यापासून म्हातारी चालत जाऊं शकेल, आणि ओढ्याचा पूर रस्ता अडविणार नाहीं, अशी जागा पाहावी.

दुसरा मार्ग, त्याच आवारांत मोकळ्या बाजूस नवी इमारत उठवावी आणि ती चालू झाल्यावर जुनी पाडावी. यांत धूळ व आवाज यांचा त्रास आहे. त्यासाठीं मालमोटारींची वाट व आजाऱ्यांची वाट वेगळी ठेवावी, आणि खोदकामास हात घालण्यापूर्वीं पाण्याचे नळ, विजेच्या तारा व प्राणवायूची नळी कोठून जाते याची खूण जमिनीवर करून घ्यावी.

तिसरा मार्ग, सर्वच बिऱ्हाड भाड्याच्या जागेंत हलवावयाचें. इमारत धोकादायक ठरली म्हणजे यावांचून गत्यंतर नसतें. परंतु रुग्णालय हें बिऱ्हाड नव्हे. क्ष-किरणाच्या यंत्रास ठराविक जाडीची भिंत व अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. लसी २ ते ८ अंश सेल्सिअस उष्णतामानांतच टिकतात, म्हणून वीज गेल्यास जनित्र तयार पाहिजे. वीजभाराची व आगीची तपासणी तर आजारी आंत आणण्यापूर्वींच झाली पाहिजे. ९ जानेवारी २०२१ रोजीं भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांच्या कक्षास आग लागून १० बालकें गेलीं. कायमच्या इमारतींत असें घडतें, तर घाईनें तारा ओढलेल्या भाड्याच्या खोल्यांविषयीं किती सावध असावें!

मार्ग कोणताहि असो, स्थलांतराचा क्रम ठरलेला असावा. प्रथम बाह्यरुग्ण तपासणी हलवावी, मग प्रयोगशाळा, मग कक्ष. तातडीचा विभाग व बाळंतपणाची खोली सर्वांत शेवटीं. कांहीं दिवस दोन्ही ठिकाणीं दिवा जळत ठेवावा, म्हणजे ज्यास बदल ठाऊक नाहीं असा मध्यरात्रीं आलेला माणूस कुलूप पाहून परत जाणार नाहीं. ऋतूहि पाहावा. आषाढ-श्रावणांत साप बाहेर पडतात, रस्ते चिखलांत असतात. अशा वेळीं दवाखाना हलविणें म्हणजे पेरणीच्या दिवशीं बैल विकणें होय. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ यास बरा.

तालुक्यांतील सोसायट्यांनीं व ग्रामसभांनीं, कुदळ पडण्यापूर्वींच, पुढील गोष्टी लेखी मागून घ्याव्या असें आम्ही सुचवितों. पहिली, सर्पदंश, विषबाधा व बाळंतपण यांची सोय तालुक्याच्या गांवांतून एक दिवसहि हलणार नाहीं. आणि ज्या शस्त्रक्रिया दुसरीकडे न्यावयाच्या, त्या कोठें होतील हें नांवानिशीं सांगावें. दुसरी, २०१४ पासून चालू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेचें ठाणें त्या काळांत कोठें राहील, व एक गाडी अधिक मिळेल काय. तिसरी, तात्पुरत्या व्यवस्थेचा खर्च बांधकामाच्या खर्चाहून निराळा धरावा, म्हणजे ठेकेदाराचें बिल अडलें तरी औषध अडणार नाहीं. चौथी, डॉक्टर व परिचारिका यांचीं मंजूर पदें याच रुग्णालयाकडे राहतील, आणि बाहेर पाठविलेलीं माणसें कोणत्या तारखेस परत येतील. पांचवी, हा सर्व तपशील प्रत्येक गांवच्या चावडीवर लावावा, व आशा सेविका आणि पोलीस पाटील यांस तोंडीं समजावून द्यावा. ही मागणी रुग्ण कल्याण समितीपुढें ठेवतां येते. उत्तर न मिळाल्यास २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहेच, व त्याच्या अर्जास दहा रुपयांचें तिकीट पुरतें.

नवीन इमारतीचा मान ज्यास घ्यावयाचा त्यानें खुशाल घ्यावा. कोनशिलेवर कोणाचें नांव यावें हा आमचा वाद नाहीं. आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, खाटा किती झाल्या याहून त्या खाटांपाशीं रात्रीं जागणारें माणूस आहे कीं नाहीं, व तें मधल्या काळांत कोठें होतें, यावरून नव्या रुग्णालयाची किंमत करावी. ज्या तालुक्यांत असें काम निघावयाचें असेल, तेथील सभासदांनीं हा विषय येत्या वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर अवश्य घ्यावा, आणि ठराव करून त्याची पोंच घेऊन दप्तरीं ठेवावी.