विद्युत पेटीवरील 'आयपी' संकेतांक : अर्थ व मर्यादा

प्रस्तावना :
विद्युत उपकरणांच्या पेटीवर 'आयपी ५४', 'आयपी ६५' असे संकेतांक आढळतात. खरेदीच्या मागणीपत्रात मात्र पुष्कळदा 'वॉटरप्रूफ' एवढाच मोघम शब्द लिहिला जातो. उघड्यावरील पेटीत पावसाचे पाणी शिरल्यास विजेचा धक्का बसून जीवितहानी होऊ शकते. म्हणून या संकेतांकाचा नेमका अर्थ समजून घेणे अगत्याचे ठरते. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकाने ही पद्धती निश्चित केली असून भारतीय मानक ब्यूरोनेही ती स्वीकारली आहे.

अंकांचा अर्थ :
'आयपी ६५' म्हणजे पासष्ट नव्हे, तर सहा आणि पाच. पहिला अंक (० ते ६) घन पदार्थांपासूनचे संरक्षण दर्शवितो. २ या श्रेणीत बोट धोकादायक भागापर्यंत पोहोचत नाही. ५ मध्ये किंचित धूळ शिरली तरी उपकरणाच्या कार्यात बाधा येत नाही. ६ मध्ये धूळ मुळीच शिरत नाही.
दुसरा अंक (० ते ९) पाण्यासंबंधी आहे. ४ म्हणजे सर्व दिशांनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण. ५ साठी ६.३ मि.मी. तोटीतून मिनिटाला १२.५ लिटर, तर ६ साठी १२.५ मि.मी. तोटीतून १०० लिटर पाण्याचा झोत सोडतात. ७ साठी पेटी १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे बुडवितात.

गैरसमज :
मोठा अंक सर्वच बाबतींत श्रेष्ठ असतो, हा समज चुकीचा आहे. बुडविण्याच्या चाचणीत उत्तीर्ण झालेली पेटी झोतापुढे टिकेलच असे नाही. दोन्ही गुण सिद्ध झाले असल्यास 'आयपी ६६/आयपी ६७' असा दुहेरी उल्लेख करतात. तसेच 'आयपी एक्स ७' मधील 'एक्स' म्हणजे शून्य नव्हे. धुळीविषयीची श्रेणी तेथे नमूद केलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ होय.

मर्यादा :
चाचणी नव्या, स्वच्छ पेटीवर आणि गोड्या पाण्याने होते. त्यामुळे कोकण किनाऱ्यावरील खाऱ्या हवेचा गंज, उन्हाने कडक झालेले झाकणाचे रबर किंवा पेटीत साचणारे दव यांविषयी हा संकेतांक काहीही सांगत नाही. शिवाय केबलसाठी नवे छिद्र पाडून तेथे योग्य ग्लँड बसविली नाही, तर पेटीवरील अंक निरर्थक ठरतो.

समारोप :
संकेतांक ही मर्यादित परिस्थितीतील चाचणीची नोंद आहे, कायमची हमी नव्हे. म्हणून मागणीपत्रात जागेनुसार दोन्ही अंक स्पष्ट लिहावेत. केवळ पावसाचा मारा असलेल्या ठिकाणी आयपी ६५ पुरेसे ठरू शकते. पाणी तुंबणाऱ्या जागी पेटी उंचावर बसविणे अथवा दुहेरी संकेतांकाची पेटी घेणे इष्ट होय. पेटी बसविल्यानंतरही दरवर्षी पावसाळ्यापूर्वी रबर व ग्लँड यांची तपासणी होणे आवश्यक आहे.