एक्सप्लेनर : 2000 फूट उंची, मोजकी धावपट्टी आणि कोल्हापूरचा पाऊस, छोटं बिझनेस जेट इथं उतरतं कसं?

निवडणुका लागल्या, मोठ्या घरातलं लग्न असलं किंवा एखाद्या कंपनीचे बडे अधिकारी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आले, की उजळाईवाडी विमानतळावर पांढरंशुभ्र, टोकदार नाकाचं छोटं विमान उभं दिसतं. सोशल मीडियावर फोटो पडतो आणि खाली ठरलेले प्रश्न येतात. किती माणसं बसतात? दिल्ली एका दमात गाठतं का? आणि मोठं एअरबस जिथं येत नाही तिथं हे कसं येतं?

शेवटच्या प्रश्नात सगळं इंजिनिअरिंग दडलेलं आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करू.

'लाइट जेट' म्हणजे नेमकं काय?

साधारण साडेचार ते नऊ टन वजनाची, दोन जेट इंजिनांची, सहा ते नऊ प्रवासी नेणारी विमानं या गटात येतात. त्याहून हलकी ती 'व्हेरी लाइट जेट'. हा प्रकार लोकप्रिय केला अमेरिकेच्या बिल लियर यांनी. त्यांचं लियरजेट 23 पहिल्यांदा उडालं 7 ऑक्टोबर 1963 ला. त्याच्या पंखांचं मूळ एका स्विस लढाऊ विमानाच्या आराखड्यात होतं, त्यामुळे ते वेगवान होतं आणि चालवायला अवघडही. लियरजेटचं उत्पादन 2022 मध्ये थांबलं. तरी आपल्याकडे आजही अनेक जण कुठल्याही छोट्या जेटला 'लियरजेट'च म्हणतात; वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं.

आज या गटात गेली अनेक वर्षं सर्वाधिक खपणारं विमान आहे ब्राझीलच्या एम्ब्रेअर कंपनीचं फेनम 300. पहिलं उड्डाण 2008 चं. एम्ब्रेअर हे नाव कोल्हापूरकरांना नवं नाही. जयसिंगपूरच्या संजय घोडावत समूहाच्या स्टार एअरनं 2019 मध्ये सेवा सुरू केली ती याच कंपनीच्या 50 आसनी ईआरजे 145 विमानांवर. त्याच कुटुंबातल्या ईआरजे 135 पासून कंपनीनं लेगसी 600 हे बिझनेस जेट बनवलं. फेनमची गोष्ट उलटी आहे. ते प्रवासी विमान कापून बनवलेलं नाही, कोऱ्या कागदावर काढलेलं आहे. म्हणून उदाहरणाला तेच घेऊ.

इंजिनं शेपटीजवळ का?

प्रवासी विमानाची इंजिनं पंखाखाली लटकतात. लाइट जेट जमिनीपासून इतकं खाली असतं की पंखाखाली इंजिन लावलं तर ते जवळजवळ धावपट्टीला टेकेल. पाय लांब करावेत तर वजन वाढतं. म्हणून इंजिनं मागे, धडाच्या दोन्ही बाजूंना. याचे दोन फायदे आपोआप मिळतात : पंखावरून हवा बिनअडथळा वाहते आणि केबिनमध्ये आवाज कमी येतो. मग शेपटीचा आडवा भाग इंजिनाच्या झोतातून बाहेर काढायला वर न्यावा लागतो. फोटोत शेपूट इंग्रजी 'टी'सारखी दिसते ती त्यामुळे.

होंडानं मात्र वेगळा रस्ता धरला. होंडाजेटची इंजिनं पंखाच्या वर, छोट्या खांबांवर बसवलेली आहेत. दिसायला विचित्र, पण त्यामुळे धडाच्या मागच्या भागात सामान आणि प्रवाशांसाठी जागा मोकळी झाली.

आत शिरल्यावर अपेक्षाभंग होण्याची शक्यता आहे. फेनम 300 च्या केबिनची उंची दीड मीटर, रुंदी त्याहून किंचित जास्त. उभं राहून चालता येत नाही, वाकूनच जावं लागतं. ऐषाराम आहे तो खुर्चीत बसल्यावर.

45 हजार फुटांवर काय काम?

मोठी प्रवासी विमानं साधारण 35 ते 41 हजार फुटांवर उडतात. फेनम 300 ला 45 हजार फुटांपर्यंत जायची परवानगी आहे. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 15 टक्के. हवा विरळ म्हणजे विरोध कमी आणि इंधनाची बचत. शिवाय बहुतेक वादळी ढग आणि विमानांची गर्दी खाली राहते.

किंमत मोजतं ते विमानाचं धड. इतक्या उंचीवरही केबिनमध्ये सुमारे 6600 फुटांवरची हवा ठेवली जाते. महाबळेश्वरपेक्षा थोडी विरळ, उटीपेक्षा दाट. आतल्या-बाहेरच्या दाबातल्या फरकाचा हिशेब केला तर धडाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे साडेसहा टनांचा जोर आतून बाहेर पडतो. प्रत्येक उड्डाणात विमान फुग्यासारखं किंचित फुगतं आणि उतरल्यावर परत आकसतं. म्हणूनच धडाचं आयुष्य मोजताना तासांइतकीच उड्डाणांची संख्याही बघतात.

आता कोल्हापूरचं गणित

राजाराम महाराजांच्या काळात, 1939 मध्ये सुरू झालेला हा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 फुटांवर आहे. धावपट्टी बराच काळ 1370 मीटरचीच होती. पुढे ती वाढवून 1900 मीटरच्या पलीकडे नेली, आणि 2300 मीटरचं लक्ष्य ठेवलं गेलं.

फेनम 300 च्या सुधारित आवृत्तीचे माहितीपत्रकातले आकडे असे : पूर्ण वजनाने टेकऑफला सुमारे 980 मीटर, लँडिंगला 680 मीटरच्या आत. मग 1370 मीटर म्हणजे चैनच की!

इथं माहितीपत्रक नीट वाचावं लागतं. टेकऑफचा आकडा समुद्रसपाटीवरचा, 15 अंश तापमानाचा. कोल्हापुरात मे महिन्यात दुपारी 36 अंश असेल तर हवा इतकी पातळ होते की विमानाला आपण 5000 फुटांवर आहोत असं 'वाटतं'. हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा जवळपास 14 टक्के कमी. तेवढीच लिफ्ट मिळवायला विमानाला जमिनीवर सुमारे 8 टक्के जास्त वेगानं धावावं लागतं, आणि लागणारं अंतर वेगाच्या वर्गानुसार वाढतं, म्हणजे 16 टक्के. त्यात विरळ हवेत इंजिनाचा रेटाही कमी मिळतो, त्यामुळे प्रत्यक्ष वाढ यापेक्षा जास्तच.

त्या अंतरात आणखी एक अट लपलेली असते. धावताना एका ठराविक वेगाला, वैमानिक त्याला 'व्ही-वन' म्हणतात, एक इंजिन बंद पडलं तर? त्याआधी बंद पडलं तर उरलेल्या धावपट्टीत थांबता आलं पाहिजे. त्यानंतर पडलं तर एका इंजिनावर उडता आलं पाहिजे. दोन्ही शक्यता बसत नसतील तर वजन कमी करायचं. प्रवासी उतरवा, बॅगा काढा, नाहीतर इंधन कमी भरा.

लँडिंगचं गणित अधिक कडक. चार्टरसारख्या व्यावसायिक जेट उड्डाणांसाठी जगभर रूढ असलेला नियम असा की, विमान धावपट्टीच्या 60 टक्के लांबीतच थांबेल असं धरून नियोजन करायचं. धावपट्टी ओली असण्याची शक्यता असेल तर त्यावर आणखी 15 टक्के. म्हणजे माहितीपत्रकातले 680 मीटर कागदावर सुमारे 1135 होतात आणि पावसात 1300 च्या घरात जातात. यात कोल्हापूरची उंची अजून धरलेलीच नाही. जुन्या 1370 मीटरच्या धावपट्टीवर जुलैत उतरणाऱ्यांच्या हाताशी किती कमी जागा उरत असेल, याचा अंदाज यावरून येईल.

पाऊस एवढा महत्त्वाचा का? मोठ्या विमानांत इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग कमी करायची सोय असते. वजन आणि देखभाल वाचवण्यासाठी अनेक लाइट जेटमध्ये ती नसते. फेनम 300 मध्येही नाही. भार सगळा पंखावर उघडणाऱ्या पट्ट्यांवर, चाकांच्या ब्रेकवर आणि टायरच्या पकडीवर. ताशी 200 किमीच्या आसपास टेकलेल्या विमानाच्या टायरखाली पाण्याचा थर साचला, की ब्रेक कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. आणि वेग 10 टक्के जास्त असेल, तर जिरवायची ऊर्जा 21 टक्के जास्त असते.

धावपट्टी लांब असली म्हणजे काळजी मिटली, असंही नाही. 14 सप्टेंबर 2023 ला विशाखापट्टणमहून आलेलं लियरजेट 45 मुंबईत मुसळधार पावसात उतरताना धावपट्टीवरून बाजूला घसरलं. दृश्यमानता तेव्हा 700 मीटरच होती. विमानातले आठही जण वाचले, विमान मात्र मोडलं.

मग दिल्ली? दुबई?

कोल्हापूर ते दिल्ली हवाई अंतर साडेतेराशे किमीच्या आसपास. फेनमचा कमाल वेग ताशी 850 किमीहून थोडा जास्त, म्हणजे दोन तासांचा मामला. कंपनी सांगते ती रेंज सुमारे 3700 किमी. हिशेबानं दुबईही टप्प्यात येते, फक्त आधी कस्टम्स-इमिग्रेशनची सोय असलेल्या विमानतळावर थांबावं लागेल.

पण ही रेंज वैमानिकासह पाच जण धरून सांगितलेली आहे. सगळ्या खुर्च्या भरायच्या तर टाकी रिकामी ठेवावी लागते, टाकी भरायची तर खुर्च्या. 'नऊ प्रवासी' आणि '3700 किमी' हे दोन्ही आकडे खरे आहेत, एकाच उड्डाणात नाहीत.

आणि मुंबईसाठी? तीनशे किमीत जेट जेमतेम वर चढतं आणि लगेच उतरायला लागतं. 45 हजार फुटांचा फायदा मिळतच नाही, इंधन मात्र चढतानाच सर्वाधिक जळतं. एवढ्या अंतरासाठी किंगएअरसारखं दोन पंख्यांचं टर्बोप्रॉप जास्त शहाणपणाचं. वेळेत फरक पडतो काही मिनिटांचा, आणि त्याचे पंखे उलट कोनात फिरवून ओल्या धावपट्टीवर वेगही मारता येतो. फोटो तेवढा रुबाबदार येत नाही, हे खरं.

चार्टर घेणाऱ्यांनी आणखी एक खर्च लक्षात ठेवावा. बरीचशी अशी विमानं मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या विमानतळांवर तळ ठोकून असतात. कोल्हापुरातून बसायचं तर ते आधी इथं रिकामं यावं लागतं, आणि त्या रिकाम्या फेरीचे पैसेही बहुधा ग्राहकाच्याच बिलात येतात. तारीख पावसाळ्यातली असेल, तर दर विचारतानाच ओल्या धावपट्टीवर हे विमान किती माणसं आणि किती सामान घेईल हेही ऑपरेटरला विचारा. त्याच्याकडे तो आकडा तयार असायलाच हवा.