दहा मीटरच्या खालची धरणे

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा केंद्रीय कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. पंधरा मीटरपेक्षा उंच धरणे त्याच्या कक्षेत येतात. दहा ते पंधरा मीटर उंचीची धरणे काही अटी पूर्ण केल्या तरच येतात. साठा किमान १० लाख घनमीटर असणे किंवा भिंतीची लांबी किमान ५०० मीटर असणे ही त्यातली उदाहरणे. दहा मीटरच्या खाली कायदा बोलतच नाही. देशातल्या मोठ्या धरणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत महाराष्ट्राची सुमारे २,४०० धरणे आहेत, गिरणा, हतनूर, वाघूर त्यांत आहेत. पण जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत गावाच्या वरच्या अंगाला मातीची पाळ घालून अडवलेले जे पाझर तलाव आणि गावतलाव आहेत, त्यांतले बहुतेक या नोंदीबाहेर राहतात. उंची कमी म्हणून धोका कमी, हे गृहीतक त्यामागे आहे. खानदेशच्या मातीला आणि पावसाला ते लागू पडत नाही. इथे धोका दोन गोष्टींतून येतो: तलाव वर्षातले किती महिने कोरडा पडतो, आणि त्याच्या पाळीवर कोणाची नजर असते.

यांतले पुष्कळ तलाव दुष्काळाने दिले. १९७२ च्या दुष्काळात माणसांच्या हाताला काम हवे होते. रोजगार हमीच्या कामांवर डोक्यावर पाटी घेऊन हजारो बायका-पुरुषांनी पाळी उभ्या केल्या, आणि कायद्याने हमी मिळाल्यानंतरही ती कामे चालू राहिली. त्या कष्टांनी किती विहिरींना पाणी आले, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. मात्र दुष्काळी कामात भर होता माती टाकण्यावर. प्रत्येक थर ओला करून दाबणे आणि पायाखाली खंदक खणून तो चिकणमातीने भरणे हे सगळीकडे सारखे काटेकोर झाले असेल, असे मानता येत नाही. पुढे मालकी विभागली गेली. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणाऱ्या योजना जिल्हा परिषदेकडे, त्यावरच्या मृद व जलसंधारण विभागाकडे, मोठ्या जलसंपदा विभागाकडे. नवे तलाव बांधायला निधी मिळतो. जुन्या पाळीवरची झुडपे काढायला तो कोणत्या शीर्षाखाली मागायचा, हा प्रश्न मात्र कायम राहतो.

आता मातीकडे येऊ. पाळीच्या पोटात पाणी अडवणारा गाभा चिकण काळ्या मातीचा असतो आणि त्याला मुरमाचे आवरण असते. कपाशीची ही काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. आवरण पातळ झालेल्या किंवा धुपलेल्या पाळीच्या माथ्यातही तेच घडते. बारमाही पाणी असलेल्या तलावाचा गाभा ओला राहतो. मात्र माघ-फाल्गुनातच आटणाऱ्या तलावाची पाळ चार-पाच महिने तापते, आणि मग एखाद्या रात्रीच्या पावसात काठोकाठ भरते. भेगा फुगून मिटायच्या आत पाणी त्यांच्या पातळीला पोचले, तर ते आतून वाट काढते आणि मातीचे कण घेऊन जाते. पाळीवर वाढलेल्या वेड्या बाभळीची कुजलेली मुळे आणि घुशींची बिळे ही वाट आयती देतात. त्यातच धुळे-नंदुरबारचा पट्टा भूशास्त्रात डाइकसाठी प्रसिद्ध आहे. बसाल्टात उभ्या घुसलेल्या या भिंतींच्या कडेचा खडक अनेकदा तडकलेला असतो. पाझर तलावाला तो वरदान ठरतो, पण पाळीच्या नेमका खाली आला तर पाणी पायातून निसटते.

खानदेशात पाऊसच कमी, मग पुराची भीती कशाला, असा प्रश्न येईल. वर्षाची सरासरी सहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे हे खरे, पण लहान तलावाचा निकाल दोन-तीन तासांत लागतो. दहा चौरस किलोमीटर पाणलोटावर तीन तासांत १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर १० लाख घनमीटर पाणी पडते. निम्मे मुरले तरी सेकंदाला सरासरी ४६ घनमीटर पाणी तलावात येते, ऐन भरात त्याहून जास्त. ते सांडव्यावरूनच गेले पाहिजे, कारण मातीच्या पाळीवरून पाणी वाहू लागले की ती फार काळ टिकत नाही. चार हंड्यांचे पाणी जास्त साठावे म्हणून सांडव्यावर वाळूच्या गोण्या रचण्याचा मोह टंचाईच्या गावात समजण्यासारखा आहे. हिशेब मात्र कठोर आहे. सांडव्यावरचे पाणी एक मीटर चढेल असे धरून रचना केली असेल, तर तीस सेंटिमीटरच्या गोण्यांनी त्याची वहनक्षमता सुमारे चाळीस टक्क्यांनी घटते. सांडव्याखालच्या चरात कोणी शेत काढले, तर ती आणखी घटते. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांच्या पुराने चाळीसगाव परिसर पाण्याखाली गेला आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या. डोंगरउतारावरचा पाऊस किती कमी वेळात खाली येतो, हे त्या पहाटेने दाखवले.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. पाझर तलावाला सहसा विमोचक, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, नसतो. पाणी जमिनीत मुरावे हाच त्याचा हेतू. त्यामुळे पाळीतून गढूळ पाणी येताना दिसले तरी तलाव खाली करण्याची सोय नसते. पंप लावा, नळीने पाणी उपसा किंवा दुसरीकडून चर खणा, एवढेच उरते, तेही भर पावसात. मे २०१७ मध्ये सुरू झालेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही चांगली योजना आहे आणि शेतांना तिचा लाभ झाला आहे. पण पाळीच्या पायथ्याशी साचलेला गाळ पाणी रोखणारे अस्तरही असतो. यंत्राने तो मूळ तळाच्याही खालपर्यंत ओरबाडला, तर पायातली गळती उघडी पडू शकते. पायथ्यापासून काही अंतर सोडून खोदायचे, ही अट यंत्र चालवणाऱ्याला जागेवर आखून दाखवली पाहिजे.

लहान तलाव फुटला तर नुकसान ते किती, हा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण कायद्याची उंचीची रेघही त्याच विचारातून आली. पण पाण्याचा घात साठ्यावर जेवढा अवलंबून असतो, तेवढाच घरे किती जवळ आहेत यावरही असतो. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण लघु पाटबंधारे योजनेतले होते. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले आणि पायथ्याच्या वाडीतली वीसच्या आसपास माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला. खेकडे पाळ पोखरतात हे खोटे नाही. पण बिळे दिसतात, गळती दिसते, आणि त्या दिसण्यावर कृती करणे हेच तर देखभालीचे काम. सातपुड्यापलीकडे धार जिल्ह्यात कारम धरणाच्या बांधकाम चालू असलेल्या मातीच्या भिंतीतून ऑगस्ट २०२२ मध्ये गळती सुरू झाली. खालची अठरा गावे रिकामी केली गेली, बाजूने चर खणून पाणी सोडले गेले, आणि माणसे वाचली. दोन्ही ठिकाणी गळती आधी दिसली होती. कारमला तिच्यावर वेळेत हालचाल झाली.

हे तंत्रज्ञांचे काम आहे, गावकऱ्यांना त्यातले काय कळणार, असे अभियंते म्हणतील. पाळीचे स्थैर्य मोजणे त्यांचेच काम आहे, यात वाद नाही. पण प्रत्येक मातीची पाळ थोडी पाझरतेच. पाझर स्वच्छ आहे की गढूळ, कालच्यापेक्षा वाढला की नाही, हे ओळखायला रोज पाहणारा माणूस लागतो. त्यासाठी अभियंता तालुक्यावरून रोज येऊ शकत नाही. पांझरा नदीच्या काठी शतकानुशतके चाललेल्या ‘फड’ या सिंचन पद्धतीत पाणी वाटायला पाटकरी होता, राखणीला जागल्या होता, त्यांच्यावर हवालदार होता, आणि त्यांचा मेहनताना पाणी घेणारे शेतकरी देत. फडाचे बंधारे दगडी होते, मातीच्या पाळीची जोखीम त्यांत नव्हती, म्हणून ती पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. घेण्यासारखे आहे ते एवढेच: राखण हे नाव असलेले, मोबदला असलेले काम होते. राज्याच्या २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणी वापर संस्थांना पाण्याचे वाटप दिले. पाळीची राखण त्यांना दिलेली नाही, आणि पाझर तलावांच्या गावांत तर अशी संस्थाच सहसा नसते.

खर्चाचा आक्षेप उरतो. सगळे तलाव केंद्रीय कायद्याखाली आणले तर यंत्रणा कोलमडेल, हे मान्य. म्हणून उंचीची रेघ हलवू नये. जिल्ह्याने वेगळी यादी करावी. पाळीखाली एक किलोमीटरच्या आत वस्ती आहे असे तलाव त्या यादीत आधी यावेत, आणि एका नाल्यावर ओळीने असलेले तलाव एकत्र धरावेत, कारण वरचा फुटला तर त्याचा लोंढा खालच्याच्या सांडव्यावर येतो. या तलावांची पाहणी मेअखेरीस शाखा अभियंत्याने करावी: सांडवा मोकळा आहे का, माथा खचला आहे का, झुडपे काढली का. पहिल्यांदा भरताना दिवसातून दोनदा पाझर पाहणारा जागल्या ग्रामपंचायतीने पावसाळ्यापुरता नेमावा, त्याची नोंदवही कार्यालयात राहावी, आणि गढूळ पाणी दिसताच वस्ती हलवण्याचा अधिकार तहसीलदाराच्या आदेशाची वाट न पाहता सरपंचाला असावा. जिथे विमोचक नाही, तिथे पाळीवरून टाकायची नळी आणि पंप तालुक्यात तयार ठेवावेत. जागल्याचा चार महिन्यांचा मेहनताना जिल्हा परिषदेच्या दुरुस्ती निधीतून द्यावा, आणि पहिल्या वर्षी तो यादीतल्या सगळ्यांत वरच्या तलावांपुरता दिला तरी चालेल.